बाईसाहेबांची कात

१

रोज सकाळी साडेसहाला आधी बाईसाहेबांचं पाणी बदलायचं आणि मग माझा चहा. आठ महिने हा क्रम चुकलेला नाही.

बाईसाहेब म्हणजे टॅरंटुला. तळहाताएवढा केसाळ कोळी, मादी. निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात, फिरायला जातात, दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतात. आमच्या ह्यांनी कोळी आणला. कोपऱ्यावरच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून, डबा छातीशी धरून, रस्ताभर कुणाचा धक्का लागू न देता. "हिला बाईसाहेब म्हणायचं," म्हणाले. मी म्हटलं, घरात एक बाईसाहेब होती ती पुरत नव्हती का? तर म्हणाले, "ही बोलत नाही."

दोन दिवस मी अबोला धरला. त्याचा त्यांना फार त्रास झाला असं काही वाटलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी हे गेले. आजारपण नाही, दवाखाना नाही. दुपारी जेवून आपल्या खोलीतल्या खुर्चीत टेकले ते टेकलेच. मुलगी म्हणाली, "आई, तो कोळी दुकानदाराला परत देऊन टाक बाई." मीही हो म्हणाले. पण दुकानात जायचं रोज राहून जात होतं. खरं सांगायचं तर ह्यांचा हात लागलेला दुसरा कुठलाच जीव आता घरात नव्हता. मी होते म्हणा, पण मला स्वतःला पाणी घालायचं काही सुचत नव्हतं.

पेटी मी ह्यांच्या खोलीतून हॉलमध्ये आणली, म्हणजे रोज तिकडे जायला नको. खोलीचं दार ओढून घेतलं. रविवारी केर काढायला तेवढं उघडायचं, पंधरा मिनिटांत बंद.

बाकी मी कवळ्या करते. एकतीस वर्षं झाली. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यात आम्ही प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेणात दात बसवतो. माझी नजर चांगली आणि तोंड वाईट असं लॅबमध्ये सगळे म्हणतात. दोन्ही खरं आहे.

२

टॅरंटुला सांभाळायचा कसा हे ह्यांनी मला सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार. त्यामुळे ऊठसूट दुकानदाराला फोन. पन्नाशीचा माणूस, बोलायला गोड. ह्यांच्याशी त्याची चांगली दोस्ती जमली होती, म्हणून मला वहिनी म्हणतो.

"अहो, दहा दिवस झाले, काही खात नाही ती."

"नॉर्मल आहे, वहिनी. महिना-दोन महिने नाही खाल्लं तरी नॉर्मल."

"पाण्याच्या वाटीत माती भरून ठेवते."

"नॉर्मल."

"दिवसभर जागची हलत नाही."

"तेच तर तिचं काम."

"काल काचेवर चढून बसली होती, झाकणापाशी."

"खाली माती जास्त ओली झाली असेल. जरा कोरडी होऊ द्या."

"तुमच्याकडे नॉर्मल नाही असं काही आहे की नाही?"

तो हसला. "पेटीत दिसली नाही तर फोन करा."

मग एक दिवस तिच्या पोटावर केस झडून पडलेलं टक्कल काळं पडलं. झाडाच्या सालीच्या तुकड्याखाली तिचं बीळ होतं, त्याच्या तोंडावर तिने पांढरं जाळं विणायला घेतलं. आधी पातळ होतं. आठवडाभरात ते इतकं घट्ट झालं की धुतलेलं कापड ताणून बसवावं तसं दिसायला लागलं.

"दार लावून घेतलंय तिने," दुकानदार म्हणाला. "कात टाकणार. आता उघडायचं नाही, खायला टाकायचं नाही, पेटी हलवायची नाही. रातकिडासुद्धा आत सोडू नका, त्या दिवसांत तोच तिला कुरतडून खाईल. दाराबाहेर पाणी तेवढं ठेवा."

"किती दिवस?"

"ते तिला ठरवू द्या, वहिनी."

३

बिळाचा एक कोपरा पेटीच्या मागच्या काचेला लागून होता. तिथून आतलं थोडं दिसायचं. एका बुधवारी कामावरून आले, पर्स खांद्यावर तशीच, आणि वाकून बघितलं तर बाईसाहेब पाठीवर. आठही पाय वर.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. हे गेले तेव्हा माणसं जमली होती, मी सगळ्यांना पाणी देत होते, रडायचं राहूनच गेलं होतं. आठ महिन्यांनी रडू आलं ते कोळ्यासाठी. कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं.

मग डोळे पुसले आणि तिला बाहेर काढायला पर्समधली मेणाची सुरी घेतली, लॅबमध्ये मेण कापायची. जाळ्याला टोक लावणार, तेवढ्यात वाटलं, निदान दुकानदाराला सांगावं.

"थांबा! हात लावू नका!" तो फोनवर असा ओरडला की सुरी माझ्या हातातून पडली.

"अहो, मेलीय ती."

"मेलेला कोळी पाय पोटाशी आखडून बसल्या जागी मरतो. पाठीवर आहे म्हणजे जिवंत आहे. कात टाकतेय. नवीन माणसाची हीच चूक होते वहिनी, मेला म्हणून उचलतात आणि मग खरंच मारतात."

जीव भांड्यात पडला. मी स्टूल ओढलं आणि बसले. तीन तास लागले. वरचं कवच सुटलं आणि त्यातून ती एकेक पाय ओढून घेत निघाली, बोटांतून घट्ट हातमोजा काढावा तशी. ओली, फिकट, दमलेली. मागे जे राहिलं ते हुबेहूब बाईसाहेब होतं, दातांपासून केसांपर्यंत. आत कुणी नव्हतं एवढंच.

आणि पाय आठ होते. गेल्या वर्षी झाकण लावताना ह्यांच्या हातून तिचा एक पाय चेमटून तुटला होता. हे बाइंडिंगच्या कारखान्यात होते, तरुणपणी कागद कापायच्या मशीनमध्ये ह्यांची डावी करंगळी अर्धी गेली होती, तेव्हा म्हणे घरी येऊन जेवले होते. पण बाईसाहेबांचा पाय गेला त्या दिवशी घास उतरला नाही. आता तो पाय परत आला होता. बाकीच्यांपेक्षा बारीक, पांढरट, पण पुरा.

"पाय येतो परत," दुकानदार फोनवर म्हणाला. "पण दोन-तीन आठवडे बोट लावायचं नाही हं. अंग मेणासारखं असतं. दाबलं गेलं तर तो खळगा तसाच वाळतो. वाकडी होते, नाहीतर आतून फुटते."

हे मला कशाला सांगायला हवं! लॅबमध्ये ओल्या प्लास्टरला बोट लावणाऱ्यांना मी एकतीस वर्षं झापत आलेय.

४

त्या रविवारी केरसुणी घेऊन ह्यांच्या खोलीकडे गेले. कडी काढली, ढकललं, दार हललं नाही.

ओलीने लाकूड फुगतं. मी खांदा लावला. दार बोटभर आत गेलं आणि हळूच परत आलं. पलीकडून कुणी ढकललं असं नाही. ताणलेलं काहीतरी सैल होऊन पुन्हा ताणलं जावं, तसं.

फटीत पांढरं दिसलं.

आधी हॉलमध्ये पळाले. झाकणाच्या चारही पट्ट्या लागलेल्या. बाईसाहेब आत, अजून फिकट, आपल्या काताडाशेजारी बसलेल्या. म्हणजे त्या नव्हत्या.

मग परत दाराशी येऊन नीट बघितलं. साधी जळमटं मी ओळखते, बोटाला चिकटतात, करडी असतात. हे कोरडं होतं, स्वच्छ होतं आणि गुळगुळीत लागत होतं. फटीच्या खालपासून वरपर्यंत होतं, पण सगळीकडे सारखं नव्हतं. खाली विरळ, अगदी वर विरळ. कडीच्या आसपास मात्र बोट शिरणार नाही इतकं दाट. उभ्या माणसाचा हात जिथे सहज पोचतो तिथे. आणि सगळं आतल्या बाजूने.

मी दुकानदाराला फोन केला. "कोळी पेटीतच असेल तर बाहेर जाळं येईल का हो?"

"नाही, वहिनी." पहिल्यांदाच त्याने नॉर्मल म्हटलं नाही. "का? काय झालं?"

"काही नाही, सहज."

केरसुणी जागेवर ठेवली. कडी लावायची का नाही यावर बराच वेळ उभी राहिले, आणि लावली नाही.

५

शनिवारी लॅब अर्धा दिवस. दुपारी दोनला मी घरी होते. पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, दाराशी स्टूल घेऊन बसले. माझं मलाच हसू येत होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या खोलीत मी न ठोकता शिरत होते, त्याच्या दाराला कान लावून बसलेय.

आधी काही नाही. मग खुर्ची करकरली. ती खुर्ची डावीकडे कलताना करकरते, उजवीकडे नाही. मग बराच वेळ शांत. मग ओला कपडा सावकाश ओढावा तसा आवाज, थांबून, दम खाऊन, परत.

उंदीर असेल. खिडकीची झडप असेल. वरच्या मजल्यावर कुणी सामान हलवत असेल. वर कुणी राहत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी तसं म्हणून पाहिलं.

भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा आलाही, नाही असं नाही. पण त्याच्याखाली जे होतं ती हाव होती. मला हे हवे होते. चांगले-बिंगले नकोत, होते तसे हवे होते. "ऐकतेस का" म्हणून हाक मारायची आणि मी हात पुसत आले की काय सांगायचं ते विसरायचं. मीच कितीदा म्हटलंय, जा बघू तुमच्या खोलीत, मला जरा सुखाने जगू द्या. गेले. आता सुखच सुख, बोलायला माणूस नाही.

उठले, एका वाटीत पाणी घेतलं आणि दाराच्या फटीपाशी ठेवलं.

सकाळी पाणी निम्मं झालं होतं. आटलं म्हणावं तर त्या कोपऱ्यात ऊन येत नाही. वाटीच्या काठावर दोन पांढरे धागे होते, ते मी पुसले नाहीत.

६

सोमवारी मुलीचा फोन. आवाजातच आनंद मावत नव्हता.

"आई, बदली झाली! तुझ्या इथल्या ऑफिसात! रविवारी येतेय सामान घेऊन. बाबांची खोली मी घेते, चालेल ना?"

"ह्या रविवारी?"

"टेम्पो ठरवलाय. दोघं हमाल आहेत, बाबांचं कपाट आणि खुर्ची तेच बाहेर काढतील. तू काहीच करायचं नाहीस."

"एवढी घाई कशाला? पुढच्या महिन्यात ये."

"पुढच्या महिन्यात कशी येऊ? सोमवारी रुजू व्हायचंय."

"मग हॉलमध्ये झोप."

"आई?"

"खोलीत ओल आलीय. भिंतीला. दार अडकतं."

"हे बघ, मला माहितीये तुला ती खोली तशीच ठेवायचीये. मलाही वाटतं गं. पण मी तुझ्याजवळ राहायला येतेय आणि तू मला दार बंद करतेस?"

एकटी पोर, हट्टाने बदली मागून घेतलेली, माझ्यासाठी. मी म्हटलं, "ये बाई, ये. जेवायलाच ये."

७

गुरुवारपासून खोलीतला आवाज थांबला. खुर्ची नाही, काही नाही.

मी मनाशी हिशेब करत होते. बाईसाहेबांचं अंग कडक व्हायला तीन आठवडे. ह्यांना किती, हे कुणाला विचारू? दुकानदाराला? मी पहिल्यांदाच मनात सरळ 'ह्यांना' म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर फार विचित्रही वाटलं नाही. पण रविवारी ते दोन हमाल येणार, दाराला खांदा देणार, धाडकन आत शिरणार, कपाट ओढणार. ते नको होतं. त्यापेक्षा मीच आधी जावं, हळू. सांगावं, अहो, जरा माझ्या खोलीत चला. एवढंच.

हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला धीर धरवत नव्हता.

शनिवारी दुपारी मेणाची सुरी घेतली आणि दाराच्या फटीतून वरून खाली चालवली. आवाज न होता जाळं सुटत गेलं. दार उघडलं.

पडदा ओढलेला, त्यातून येणारा पिवळा उजेड. जमीन पांढरी. खुर्चीत हे बसले होते.

बसले नव्हते. माझी नजर कामाची आहे, मला पहिल्या क्षणाला कळलं. साचा आणि माणूस यातला फरक ओळखणं हेच मी करत आले. ते पातळ होतं, कोरडं होतं, पडद्याचा उजेड त्यातून आरपार जात होता. कान बरोबर, नाकाचं हाड बरोबर, डाव्या हाताची करंगळी अर्धी. मान पुढे झुकलेली आणि पाठ मानेपासून कमरेपर्यंत सरळ फाटलेली. आत काही नाही.

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा आहे. तिकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि बघितलं. अंधार होता, अंधारात फिकट काहीतरी, घडी घातल्यासारखं, गुडघे फार वर. उजेडात फक्त एक हात होता, जमिनीवर टेकलेला. डावा. पाच बोटं. करंगळी पुरी. इतरांपेक्षा बारीक, पांढरी, अजून नख न आलेली.

मी म्हटलं, "अहो."

बोटं माझ्या आवाजाकडे वळली. सगळी नाहीत, दोन.

मला सगळं ठाऊक होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, आणि नसतं सांगितलं तरी मला ठाऊक होतं. आणि तरी मी गुडघ्यावर बसले, हात पुढे केला आणि त्या करंगळीवर बोट ठेवलं. किती दिवसांनी. कोमट होती. मला इतकं बरं वाटलं की मी जरा दाबलीच.

बोट आत गेलं. मेणात जातं तसं, हाडाची आडकाठी न होता. मी दचकून काढून घेतलं, तर खळगा तसाच राहिला, माझ्या बोटाच्या रेषांसकट.

आवाज आला नाही. हात मागे गेला. माणूस हात मागे घेतो तसा नाही. आधी होता, मग नव्हता, आणि अंधारात कपाटाच्या पाठीवरून काहीतरी वर, छताकडे सरकलं.

मी बाहेर आले, दार ओढलं आणि त्याला पाठ लावून बसले. तासाभरात लाकडाच्या पलीकडून, माझ्या डोक्याच्या बरंच वर, कापसाने पुसावं तसा हलका आवाज सुरू झाला. संध्याकाळपर्यंत फट पुन्हा पांढरी होती. आधीपेक्षा जाड.

८

मुलगी रविवारी अकराला आली. हमाल खाली टेम्पोत बिडी ओढत बसले. ती खोके हातात घेऊनच वर आली, मला मिठी मारली, पेटीत डोकावली. "अय्या, ही मोठी झाली की!"

"कात टाकली."

"छान दिसतेय. चल, खोली बघू."

मी दारासमोर उभी राहिले. माझा अवतारच सांगत असणार, रात्रभर त्याच साडीत होते. ती म्हणाली, "आई, बाजूला हो." मी म्हटलं, "नको गं, आज नको." तिने मला दोन्ही दंडांना धरलं आणि उचलून ठेवल्यासारखं बाजूला केलं. बापाची ताकद आहे तिच्यात.

तिने दार ढकललं. दार बोटभर गेलं आणि परत आलं.

"हे काय आहे?" फटीवरून तिने बोट फिरवलं. मग ती थांबली. मान वाकडी केली, कान लाकडाला लावला. आत काय झालं ते मला ऐकू आलं नाही, मी चार पावलं लांब होते. मला तिचा चेहरा दिसत होता. आधी कपाळाला आठी पडली. मग आठी गेली. मग ती सहा-सात वर्षांची असताना हे कामावरून यायच्या वेळी जिन्याकडे तोंड करून बसायची, तसा तिचा चेहरा झाला.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "बाबा..."

"हळू बोल."

खालून हमालाने हाक मारली, ताई, सामान आणायचं का? तिने गॅलरीत जाऊन सांगितलं, जिन्याखाली ठेवून द्या, आज वर आणायचं नाही. परत आली. खोके भिंतीला लावले. माझ्या स्टुलाशेजारी फरशीवर बसली, चपला काढून बाजूला सरकवल्या आणि माझा हात हातात घेतला. डोळे भरून आले होते आणि हसतही होती. आठ महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

"दार उघडायचं नाही ना?"

"नाही."

"हातही लावायचा नाही?"

"नाही."

"किती दिवस लागतात गं?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, तीन आठवडे. मी बोट लावल्याचं तिला सांगितलं नाही.